बर्फांतील बाळंतिणीची खोली

‘सील’ हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें लाखेची मोहोर तरी उभी राहते, नाहीं तर कोर्टाच्या हुकुमानें बंद झालेलें एखादें दुकान. करोनाच्या सांथींत तर ‘अमक्याची इमारत सील झाली’ हें वाक्य आमच्या आळींतल्या पोराटोरांनाही पाठ झालें होतें. त्यामुळें या नांवाचा एक प्राणी आहे, त्याची मादी आपल्या पिल्लाला अंगावर पाजते आणि त्या मायलेकरांवर सध्यां मोठेंच संकट ओढवलें आहे, असें मीं गेल्या महिन्यांत देवळाच्या कट्ट्यावर सांगितलें, तेव्हां मंडळींनीं माझ्याकडे जरा संशयानेंच पाहिलें. पेन्शनीवर गेलेल्या मास्तराला वेळ फार, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. तो अर्थ मला मान्य आहे. वेळ असल्यावांचून माणूस दुसऱ्याच्या घराची चौकशी करीत नाहीं.

सील हा मासा नव्हे. मांजर, कुत्रा, अस्वल हे प्राणी ज्या मांसभक्षक गणांत मोडतात, त्याच गणांतला हा एक. त्याच्या पूर्वजांनीं फार प्राचीन काळीं जमीन सोडून पाण्याचा आश्रय केला. हातापायांचीं वल्हीं झालीं, कातड्याखालीं चरबीचा जाड थर आला. परंतु दोन गोष्टींपुरतें पाण्याबाहेरचें जग त्याला सोडतां आलें नाहीं. एक, श्वासासाठीं हवा लागते. आणि दुसरी, पिल्लूं जन्माला घालण्यासाठीं पाण्याबाहेर यावें लागतें. देवमाशानें दुसऱ्या अडचणींतून सुटका करून घेतली. त्याचें पिल्लूं पाण्यांतच जन्मतें आणि जन्मतांच पोहतें. सीलला तें साधलें नाहीं. उबदार मुलखांतले सील वाळूवर किंवा खडकावर बाळंत होतात. उत्तर ध्रुवसमुद्रांतल्या कांहीं जातींनीं मात्र या कामासाठीं गोठलेला समुद्रच पसंत केला, आणि सध्यां त्यांच्यावर जो प्रसंग आला आहे तो या पसंतीमुळेंच.

मराठी वाचकाचें उत्तर ध्रुवाशीं कांहींच नातें नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालीं ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज्’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि वेदांतील दीर्घ उषेचीं वर्णनें ध्रुवप्रदेशांत राहिलेल्या लोकांच्या अनुभवाचीं असावींत, असा पक्ष मांडला. आजच्या पंडितांना तो पक्ष मान्य नाहीं, मलाही तो पटवून घेतां आलेला नाहीं; परंतु त्या ग्रंथामुळें महाराष्ट्रांतल्या कितीएक घरांत नकाशाच्या अगदीं वरच्या टोकावर बोट ठेवलें गेलें, एवढें खरें. दुसरें नातें अलीकडचें आहे. गोव्यांत वास्को येथें हेडलँड सडा नांवाच्या समुद्राकडील सड्यावर भारत सरकारचें राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. या केंद्राचें ‘हिमाद्रि’ नांवाचें ठाणें २००८ च्या जुलै महिन्यांत नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहांतील नी-ऑलेसुंड या वस्तींत सुरू झालें. ही वस्ती ७९ अक्षांशाच्या जराशी अलीकडे, कोंग्सफ्योर्ड नांवाच्या खाडीच्या कांठीं आहे. २०१४ पासून त्या खाडीच्या पाण्यांत आपल्या शास्त्रज्ञांनीं ‘इंडार्क’ नांवाची उपकरणांची सांखळी सोडली आहे. ती पाण्याची उष्णता आणि खारटपणा मोजीत असते. २०२३ च्या डिसेंबरापासून आपलीं माणसें तेथें हिवाळ्याच्या काळोखांतही जाऊन राहूं लागलीं. आणि याच खाडींत मीं सांगतों आहें तो सील पिढ्यान् पिढ्या बाळंत होत आलेला आहे. म्हणजे गोष्ट परक्या मुलखाची खरी, पण आपला एक दिवा तिच्या कांठीं लागलेला आहे.

या सीलचें इंग्रजी नांव रिंग्ड सील. त्याच्या करड्या पाठीवर फिकट रंगाचीं कडीं असतात म्हणून त्याला आपण वलयांकित सील म्हणूं. तेथील इनुइट लोक त्याला ‘नत्सिक’ म्हणतात आणि हजारों वर्षें त्यांचें अन्न, वस्त्र व दिव्याचें तेल त्याच्यावरच चालत आलें. ध्रुवसमुद्रांतल्या सीलांत हा सर्वांत लहान. लांबी फार तर दीड मीटर, वजन सामान्यतः एखाद्या माणसाइतकें. ध्रुवीय अस्वलाची तसबीर आज शाळेच्या पाटीपासून शीतपेयाच्या जाहिरातीपर्यंत सर्वत्र छापलेली दिसते. तें अस्वल ज्याच्यावर पोट भरतें त्याची तसबीर कोणी छापीत नाहीं.

येथें शब्दांचा एक घोळ आधीं निस्तरला पाहिजे. हिमासाठीं अमरकोशांत तुषार, तुहिन, प्रालेय असे अनेक पर्याय आहेत. परंतु समुद्राचें पाणीच गोठून त्याची जी लादी होते, तिला निराळा शब्द त्यांत नाहीं. असण्याचें कारणही नव्हतें. मराठींत तर आकाशांतून भुरभुरतें तें आणि सरबतांत घालतों तें, दोहोंना बर्फच म्हणतात. या लेखापुरतें मी पडणाऱ्याला ‘हिम’ म्हणेन आणि गोठलेल्या समुद्राला ‘बर्फ’. हा भेद केला नाहीं, तर सीलच्या घराची रचना समजणार नाहीं. कारण त्याची जमीन बर्फाची असते आणि छप्पर हिमाचें असतें.

शरद् ऋतु सरतां सरतां खाडीचें पाणी गोठूं लागतें. खारट असल्यामुळें तें शून्य अंशावर न गोठतां उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठतें. बर्फाची साय धरूं लागली कीं सील खालून डोक्यानें ती फोडून श्वास घेतो, आणि पुढें थर जाड होऊं लागला म्हणजे पुढल्या वल्ह्यांवरच्या बळकट नखांनीं तेंच भोंक खरवडून खरवडून उघडें ठेवितो. बर्फ दोन मीटर जाड झाला तरी त्याची ही नळी मोकळी राहते. इनुइट भाषेंत तिला ‘अग्लू’ म्हणतात. एकेका सीलचे असे अनेक अग्लू असतात. वर वाऱ्यानें हिम वाहत असतें. कोंग्सफ्योर्डच्या माथ्यावरच्या हिमनद्यांतून तुटून आलेले लहानमोठे खडे खाडीच्या बर्फांत जागोजागीं रुतून बसतात आणि त्यांच्या आडोशाला हिमाचे ढीग सांचतात, जसा आपल्याकडे कुंपणाच्या आडोशाला पाचोळा सांचतो. अशा ढिगाखालीं आपला अग्लू आला कीं मादी खालून वर हिम उकरते आणि पोकळ खोली तयार करिते. या खोलीला बाहेर दार नसतें. दार एकच, तें खालीं पाण्यांत. बाहेरून पाहणाऱ्याला हिमाचा एक साधा उंचवटा तेवढा दिसतो.

आंत काय असतें? बाहेर उणे वीस, उणे तीस अंश थंडी आणि वारा चाललेला असतांना आंत हवा गोठणबिंदूच्या आसपास राहते, कारण हिम हें उत्तम कांबळें आहे आणि मादीच्या अंगची ऊब बाहेर जात नाहीं. आपल्या चैत्राच्या सुमारास, म्हणजे स्वालबार्डकडे एप्रिलच्या आरंभीं, या खोलींत एक पिल्लूं जन्मतें. वजन साडेचार-पांच किलो, अंगावर दाट पांढरी लोंकर. चरबी जवळ जवळ नाहीं. त्या लोंकरीचा गुण असा कीं ती कोरडी असेपर्यंतच ऊब धरिते. भिजली कीं व्यर्थ. चरबी भरेपर्यंत पिल्लाचा जीव या कोरडेपणावर टांगलेला असतो. सुमारें सहा आठवडे तें अंगावर पितें. स्वालबार्डमध्यें हा काळ सरासरीनें ३९ दिवसांचा भरला. या काळांत आई त्याला पोहावयासही शिकविते, आणि तें एका अग्लूमधून दुसऱ्यांत बुड्या मारीत फिरतें. पोहून आलें कीं आडोशाच्या खोलींत पडून राहतें आणि सुकतें. उघड्यावर, वाऱ्यांत, तें सुकत नाहीं, गारठतें.

खोलीचा दुसरा उपयोग चोरांपासून. ध्रुवीय कोल्हा हिम उकरून आंत शिरूं पाहतो. अस्वल वासानें जागा हेरतें, मागल्या पायांवर उभें राहतें आणि पुढल्या दोन्ही पायांचा भार एकदम छपरावर टाकतें. छप्पर एका तडाख्यांत फुटलें तर पिल्लूं गेलें. तें जाड असलें, दोन-तीन तडाखे सोसणारें असलें, तर तेवढ्या अवकाशांत मायलेकरें दाराबाहेर, म्हणजे पाण्यांत, उतरून जातात. छपराची जाडी हाच त्यांचा पळण्याचा अवधि. शास्त्रज्ञांच्या हिशेबानें असें छप्पर होण्यास ढिगाच्या जागीं हिमाचा थर निदान अर्धा मीटर तरी लागतो.

हें सारें वाचीत असतां मला आमच्या कोंकणांतल्या घराची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. माजघराच्या मागें एक लहान अंधारी खोली होती. एरवीं तींत भाताचीं कणगीं आणि नारळ असत. घरांत कोणी बाळंत व्हायचें असलें म्हणजे तीच बाळंतिणीची खोली होई. दाराला कांबळें, बाजेखालीं शेगडी, ओव्या-शेपांची धुरी, आणि खिडकी अशी नाहींच. आजच्या डॉक्टरांना ती खोली पसंत पडणार नाहीं, आणि त्यांचें चुकतें असेंही नाहीं. माझी धाकटी बहीण तेथें वैशाखांत झाली, तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. घर अजून शाकारायचें होतें. त्या खोलीवरचे नळे उतरून ओटीवर रचून ठेवले होते आणि वर नुसते झाप टाकले होते. वैशाख उतरायच्या आधीं पाऊस येत नाहीं, हा आमच्याकडचा पिढ्यांचा भरंवसा. त्या वर्षीं तो बाळाच्या पांचव्या दिवशीं रात्रीं आला. झापांतून पाणी बाजेवर गळूं लागलें. माझ्या आजीनें आयुष्यांत सोंवळ्याओंवळ्यांत तिळमात्र सूट कोणाला दिली नव्हती. तिनें त्या भिजलेल्या मुलीला उचलून आपल्या पदराखालीं घेतलें आणि विटाळांतल्या बाळंतिणीला हाताला धरून सरळ माजघरांत, देवघराच्या भिंतीशीं आणून निजविलें. मुलीचें अंग सकाळपर्यंत उबेला आलें नाहीं. आई त्या रात्रीं रडली नाहीं, पण तिचा हात बाळाच्या तळपायावरून क्षणभर हलला नाहीं, हें मला कंदिलाच्या उजेडांत दिसत होतें. ती बहीण आज डोंबिवलीस नातवंडें खेळविते.

आम्हांला माजघर होतें. सीलच्या मादीलाही एकाहून अधिक खोल्या असतात, एक फुटली तर ती पिल्लाला दुसरींत नेते. परंतु पाऊस सर्वच खोल्यांवर एकदम पडतो.

ध्रुवाकडे वसंताच्या आरंभीं पाऊस ही वस्तु पूर्वीं जवळ जवळ ठाऊकच नव्हती. १९७९ च्या एप्रिलांत कॅनडांतील बॅफिन बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर ती घडली. हवा एकाएकीं उबदार झाली, पाऊस पडला, आणि बर्फावरचीं हिमाचीं छपरें विरघळून खचलीं. कांहींच दिवसांचीं पांढरीं पिल्लें उघड्या, ओल्या बर्फावर पडलेलीं दिसूं लागलीं. अस्वलांनीं त्यांतलीं पुष्कळ उचललीं. इयान स्टर्लिंग आणि थॉमस स्मिथ या दोघां शास्त्रज्ञांनीं हें वृत्त २००४ सालीं सविस्तर प्रसिद्ध केलें, आणि असा पाऊस नित्याचा झाला तर या जातीचें काय होईल हा प्रश्न विचारला. ज्या शब्दानें आपण आनंदून जातों, ज्याची आपण पंचांग उघडून वाट पाहतों, तो शब्द त्या किनाऱ्यावर केवढा भयंकर आहे! अर्थात् मोहोरावर आलेल्या आंब्याच्या बागेंत अवकाळी सरी झेललेल्या माणसाला हें फार समजावून सांगावें लागणार नाहीं.

कोंग्सफ्योर्डची गोष्ट याहून निराळी आणि अधिक गंभीर आहे. तेथें छप्परच काय, जमीनच नाहींशी झाली. २००५-०६ च्या हिवाळ्यांत अटलांटिक महासागराचें उबदार पाणी खाडींत शिरलें आणि खाडी नेहमींप्रमाणें गोठली नाहीं. त्या वर्षीं व त्याच्या पुढल्या वर्षीं पिल्लें फारच थोडीं जन्मलीं, आणि जीं जन्मलीं त्यांतलीं बहुतेक वांचलीं नाहींत. तेव्हांपासून बर्फ धरला तरी तो उशिरां धरतो, थोडा धरतो. येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. हिम पूर्वींइतकें पडलें तरी उपयोग नाहीं. बर्फ डिसेंबरांत धरण्याऐवजीं फेब्रुवारींत धरला, तर मधल्या दोन महिन्यांचें सर्व हिम उघड्या पाण्यांत पडून विरघळून जातें. बर्फावर सांचायला उरतें तें थोडें. मग मादी बाळंत होते ती उघड्या बर्फावर. पिल्लाला वारा लागतो, आणि अस्वल-कोल्ह्यांचें राहूं द्या, मोठे समुद्रपक्षीही त्याला टोंचून मारतात.

यावर कोणी म्हणेल कीं वलयांकित सील तर अजूनही लाखांनीं मोजावे इतके आहेत. आहेत. नामशेष होऊं घातलेल्या प्राण्यांची जी आंतरराष्ट्रीय यादी असते, तिच्यांत यांचें नांव अद्यापि धोक्याच्या सदरांत गेलेलें नाहीं. परंतु मीं पस्तीस वर्षें शाळेंत काढलीं आहेत आणि एक गोष्ट मला हजेरीपटानें शिकविली आहे. गांव ओस पडूं लागला हें गांवकऱ्यांना फार उशिरां कळतें, कारण ओटीवर म्हातारीं माणसें बसलेलीं दिसतात, देवळांत पालखीला माणसें मिळतात, ग्रामपंचायतीच्या यादींत नांवें असतात. शाळेला तें वीस वर्षें आधीं कळतें. पहिलीच्या पटावर एके वर्षीं अठ्ठावीस मुलें, कांहीं वर्षांनीं पंधरा, मग सहा. शिरगणतींत गांव जसाच्या तसा. वलयांकित सील पंचवीस-तीस वर्षें जगतो. चाळिशी गांठलेलेही सांपडले आहेत. मादीला वर्षाला फार तर एक पिल्लूं. तेव्हां आज जे लाखों सील मोजले जातात, ते चांगल्या हिवाळ्यांत जन्मलेले सील आहेत. वाईट हिवाळ्यांचा हिशेब डोकीं मोजून लागत नाहीं. त्यासाठीं पहिलीचा पटच पाहावा लागतो.

बर्फ कां कमी झाला, याचें मूळ कारण आतां वादाचें राहिलेलें नाहीं. कोळसा, तेल आणि इंधनवायु जाळून आपण हवेंत जो कर्बवायु सोडतों, तो सूर्याची उष्णता धरून ठेवितो. आर्क्टिक प्रदेश १९७९ नंतर साऱ्या पृथ्वीच्या सरासरीपेक्षां जवळ जवळ चौपट वेगानें तापला आहे. याला त्या प्रदेशाचा स्वभावही कारण आहे. हिमाच्छादित बर्फ आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा फार मोठा भाग परत पाठवितो. उघडा समुद्र काळा असल्यामुळें तो जवळ जवळ सर्वच गिळतो. चैत्राच्या उन्हांत पांढऱ्या धोतरानें बसणें आणि काळ्या कांबळ्यानें बसणें यांत जो भेद, तोच हा. थोडा बर्फ गेला कीं पाणी अधिक तापतें, आणि पाणी तापलें कीं आणखी बर्फ जातो. उपग्रहांनीं मोजमाप सुरू केल्यावर १९७९ च्या सप्टेंबरांत उन्हाळ्याच्या अखेरीस सुमारें ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरला होता. २०१२ च्या सप्टेंबरांत तो सुमारें ३४ लाखांवर आला. गेलेला भाग साऱ्या हिंदुस्थानाहून मोठा आहे. हिवाळ्याच्या शेवटीं बर्फ सर्वांत अधिक असतो. तें वर्षांतलें महत्तम मानही २०२५ च्या मार्चांत सुमारें १४३ लाख चौरस किलोमीटर भरलें, आणि तोंपर्यंतच्या उपग्रहांच्या सर्व नोंदींत तें सर्वांत कमी होतें.

ज्या नी-ऑलेसुंडांत आपलें हिमाद्रि उभें आहे, तेथून जवळच झेपेलिन नांवाच्या डोंगरावर हवेंतला हाच कर्बवायु रात्रंदिवस मोजला जातो. तो गांव मुळांत वसला कोळशाच्या खाणीसाठीं. १९६२ च्या नोव्हेंबरांत खाणींत स्फोट होऊन २१ माणसें मेलीं आणि त्यानंतर खाण बंद झाली. खाणवाल्यांच्या जुन्या घरांत आज शास्त्रज्ञ राहतात.

वलयांकित सीलचे भाऊबंदही याच फेऱ्यांत आहेत. हार्प सील आणि हूडेड सील खोली बांधीत नाहींत. ते वाहत्या बर्फाच्या लाद्यांवर उघड्यावरच बाळंत होतात आणि घाईघाईनें उरकतात. हार्प सील बारा दिवस पाजतो. हूडेड सील चार! सर्व सस्तन प्राण्यांत इतकें आंखूड बाळंतपण कोणाचें नाहीं. त्या चार दिवसांत साठ टक्के चरबी असलेलें दूध पिऊन पिल्लूं वजनानें दुप्पट होतें आणि आई त्याला सोडून निघून जाते. वाचतांना प्रथम ती निर्दय वाटते. मग ध्यानांत येतें कीं पायांखालची लादी किती दिवस टिकेल याचा भरंवसा नसलेल्या बाईनें दुसरें करावें तरी काय. आणि आतां चार दिवसही लादी टिकत नाहीं, अशीं वर्षें येऊं लागलीं. कॅनडांतील सेंट लॉरेन्सच्या आखातांत २०१० व २०११ सालीं बर्फ जवळ जवळ नव्हताच आणि हार्प सीलांचीं पिल्लें मोठ्या संख्येनें बुडून मेलीं. २०२५ च्या ऑक्टोबरांत वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय यादींत हूडेड सीलला एक पायरी खालीं, ‘संकटग्रस्त’ या सदरांत टाकण्यांत आलें. हार्प सील आणि दाढीवाला सील हे आजवर निर्धास्त सदरांत होते, तेही तेथून खालीं उतरले.

कट्ट्यावर मला विचारण्यांत आलें, ‘मास्तर, तो सील मेला म्हणून आपलें काय बिघडतें?’ याला माझ्याजवळ एक तयार उत्तर होतें. वास्कोच्या केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं असें दाखविलें कीं कारा समुद्रांतला बर्फ कमी होणें आणि आपल्याकडे सप्टेंबराच्या अखेरीस होणारी अतिवृष्टि यांचा संबंध असावा. कापणीला आलेलें भात आडवें झालेलें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हें उत्तर तत्काळ पटलें असतें. तें मीं दिलें नाहीं. त्या सीलला जगूं द्यायचें तें आमच्या भाताच्या खातिर, असा हिशेब मला रुचेना. सोयर संपण्याची वाट न पाहतां ओल्या बाळंतिणीला देवघराशीं नेणाऱ्या माझ्या आजीनें तो प्रश्न विचारला नव्हता. मीं नुसतें म्हटलें, ‘बिघडतें,’ आणि विषय बदलला. मंडळी निवडणुकीवर गेली.

फिनलंडांतल्या लोकांनींही तो विचारलेला दिसत नाहीं. तेथें सायमा नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. हिमयुग सरल्यावर जमीन वर उचलली गेली, समुद्राशीं संबंध तुटला, आणि वलयांकित सीलांची एक शाखा त्या गोड्या पाण्यांत कोंडली गेली. तिला आतां सुमारें साडेनऊ हजार वर्षें झालीं. विसाव्या शतकांत शिकार, विषारी द्रव्यें आणि मासेमारीचीं जाळीं यांनीं ती शाखा इतकी क्षीण झाली कीं १९८० च्या सुमारास दोनशेही सील उरले नव्हते. १९५५ पासून शिकारीला बंदी आहे. पुढें १५ एप्रिल ते ३० जून या काळांत पिल्लांच्या मुलखांत जाळीं टाकण्यासही बंदी झाली. एवढ्यानें भागलें असतें, पण मग हिवाळेच बिघडले. हिम पुरेना. तेव्हां तेथील वनखात्याच्या लोकांनीं आणि गांवोगांवच्या स्वयंसेवकांनीं फावडीं घेतलीं. जानेवारी-फेब्रुवारींत सरोवर गोठलें कीं ते बर्फावर जाऊन, जेथें सील दरवर्षीं खोली करितात त्या कांठाशीं, आसपासचें हिम ओढून मीटरभर उंचीचे लांबट ढीग रचून ठेवतात. खोली मात्र खोदीत नाहींत. ती सील आपली आपण खालून येऊन खोदतो. २०१४ च्या वाईट हिवाळ्यांत जन्मलेल्या पिल्लांतलीं बहुतेक या माणसांनीं रचलेल्या ढिगांतच जन्मलीं. आज तेथें सीलांची संख्या पांचशेंच्या आसपास आहे. दुसऱ्याच्या बाळंतपणासाठीं हाडें गोठविणाऱ्या थंडींत फावडें मारणारीं हीं माणसें मीं पाहिलेलीं नाहींत, पाहण्याचा योगही नाहीं. पण त्यांच्याविषयीं मला मोठा आदर वाटतो.

तरी सायमा हें सरोवर आहे. त्याला कांठ आहे, कांठावर गांवें आहेत, गांवांत माणसें आहेत. कोंग्सफ्योर्डला किंवा बॅफिनच्या किनाऱ्याला फावडीं पुरणार नाहींत. आणि जेथें बर्फच नाहीं तेथें ढीग रचायचा कशावर? तेथें उपाय एकच, आणि तो कोळशाच्या आणि तेलाच्या बाजूनें करायचा आहे. त्यावर मजहून अधिकारी लोक लिहीत आहेत.

माझ्या नातवाला हें सर्व ऐकून एक शंका आली. तो म्हणाला, ‘आजोबा, मग ते किनाऱ्यावर कां येत नाहींत? तुम्हींच सांगितलें कीं दुसरे सील वाळूवर राहतात.’ शंका रास्त होती. स्वालबार्डमध्यें अलीकडे तसें घडूं लागलेंही आहे. ओहोटीनें उघड्या पडलेल्या खडकांवर वलयांकित सील विसांवा घेतांना दिसले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें. पूर्वीं तेथें तसें कोणी पाहिलें नव्हतें. मीं त्याला म्हटलें, ‘बाळ, मोठ्यांना पाठ टेकायला खडक चालतो. त्या पांढऱ्या पिल्लाला छप्पर लागतें, आणि खडकावर अस्वलाला दार ठोठवावें लागत नाहीं.’ तो थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि १ एप्रिलपासून ३९ दिवस बोटानें मोजले. ९ मे आला. त्या तारखेपर्यंत बर्फ आणि हिम दोन्ही टिकलीं पाहिजेत, असा त्यानें पेन्सिलीनें त्या चौकटीभोंवतीं गोल केला. आतां त्याचा बेत असा आहे कीं वास्कोच्या केंद्राला पत्र लिहून यंदा ती खाडी केव्हां गोठली आणि केव्हां सुटली, हें विचारावें. मसुदा त्यानें तयार केला आहे. ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याचें काम माझ्याकडे दिलें आहे, आणि तें आज संध्याकाळीं करावयाचें आहे.